लक्ष ठेवलं होतं

"मामा, म्हणजे तू तीन आठवडे रोज बघत होतास, आणि कॉपी नाही केलंस?"

भाचीने हे विचारलं तेव्हा फोन स्पीकरवर होता. समोर शेजारचे नाना हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले होते, बायको दाराला टेकून उभी होती, आणि मी, जाहीर अपमानाची सवय नसलेला माणूस, म्हणालो, "लक्ष ठेवलं होतं गं." पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग जे हसू फुटलं ते थांबेचना. आठ दिवस झाले ह्याला. बायको आता घरात कुठलंही काम राहिलं की तेच म्हणते. नळ गळतोय? "लक्ष ठेवलंय ना तुम्ही?"

झालं होतं एवढंच, की संगणकातली दोन टीबीची हार्ड डिस्क आजारी पडली. डिस्कची तब्येत दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम मी कधीतरी टाकून ठेवला होता. चौकट निळी म्हणजे ठणठणीत, पिवळी म्हणजे सावध, लाल म्हणजे आटोपलं. एका सकाळी चौकट पिवळी दिसली. पिवळा दिवा दिसला की माणूस काय करतो? वेग वाढवतो. मी तसला नाही. मी एक्सेलमध्ये तक्ता आखला. तारीख, वेळ, तापमान, आकडा, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या दिवशी लिहिलं, "निरीक्षणाखाली."

ह्या डिस्क स्वतःची तब्येत स्वतःच लिहून ठेवतात, आणि ह्या सोयीचं नाव आहे स्मार्ट. सेल्फ-मॉनिटरिंग, ॲनालिसिस अँड रिपोर्टिंग टेक्नॉलॉजी. स्वतःवर नजर ठेवणं, विश्लेषण करणं आणि अहवाल देणं, तिन्ही कामं डिस्क आपली आपण करते. आमच्या घरात एवढी जबाबदारी घेणारं दुसरं कोणी नाही. अडचण एवढीच, की हा अहवाल ती मागितल्याशिवाय देत नाही. संगणक अपडेटसाठी दिवसातून पाच वेळा दार वाजवतो, प्रिंटरची शाई संपत आली की आठ दिवस आधीपासून रडतो, पण डिस्क मरणाला टेकली तर एका अक्षराने सांगत नाही. आपण होऊन जाऊन विचारावं लागतं, आणि विचारलं की ती जे सांगते ते असं असतं: १९७, करंट पेंडिंग सेक्टर काउंट, १००, १००, ०, ००००००००००९.

ह्याचा अर्थ काय घ्यायचा माणसाने?

मी वाचून वाचून एवढं समजून घेतलं होतं, की पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कवरचा असा तुकडा, जो वाचायला गेलं तर वाचता येत नाही. डिस्क त्याला लगेच बाद करत नाही. नोंद करते आणि थांबते. त्या जागेवर पुन्हा काही लिहायची वेळ आली की मग ठरवते, जागा बरी आहे का राखीव साठ्यातली दुसरी द्यायची. दुसरी दिली, की ते प्रकरण पाच नंबरच्या ओळीत जातं, रीॲलोकेटेड म्हणून. थोडक्यात, निर्णय होईपर्यंत प्रकरण प्रलंबित. प्रलंबित प्रकरणं कुठे नसतात? माझी नऊ होती. मला नऊ म्हणजे फार वाटले नाहीत.

शिवाय शेजारी १०० होतं. शंभरपैकी शंभर. हे शंभर खाली घसरत घसरत तिसऱ्या रकान्यातल्या मर्यादेपर्यंत आलं की डिस्क नापास, असा नियम आहे. म्हणजे एक रकाना वाढला तर वाईट आणि त्याच्या शेजारचा कमी झाला तर वाईट. बरं, ह्या विषयात मर्यादा होती शून्य. शून्याला नापास होणाऱ्या परीक्षेत नापास कोण होणार? शंभर शेवटपर्यंत शंभरच राहिलं.

चौथ्या दिवशी नऊच्या जागी 'ए' आला.

हो, अक्षर. ०००००००००००ए. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. प्रोग्रॅम बंद करून उघडला. ए. आता मला दोष देण्याआधी कल्पना करा: शेजारी शंभरपैकी शंभर गुण लिहिलेत आणि पुढच्याच रकान्यात 'ए'. ज्याने शाळेचं प्रगतिपुस्तक आयुष्यात एकदा तरी पाहिलंय, त्याला काय वाटेल? मी शेऱ्यात लिहिलं, "ए श्रेणी. सुधारणा." आठवडाभर ए टिकला. मग सी झाला. थोडं वाईट वाटलं, पण सी म्हणजे काही नापास नव्हे, मी स्वतः आयुष्य बहुतेक सी मध्येच काढलंय. आणि तिसऱ्या आठवड्यात एकदम १० झाला. नऊवरून दहा. तीन आठवड्यांत फक्त एक! मी शेऱ्यात "स्थिर" लिहिलं आणि त्या रात्री शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी डिस्क टकटक करायला लागली.

इथे नानांचा प्रवेश होतो. नाना कारखान्यात यंत्रांच्या देखभालीत पस्तीस वर्षं होते, आणि निवृत्तीनंतर जगातली एकूण एक वस्तू त्यांच्या दृष्टीने यंत्रच आहे. आवाज भिंतीपलीकडे गेला असावा, कारण मी बोलावलं नव्हतं. ते आले, संगणकाच्या बाजूचा पत्रा माझ्या हातून काढून घेतला, खिशातून वीतभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक चालू डिस्कच्या अंगावर ठेवलं आणि मुठीला कान लावला. डोळे मिटले. मला श्वास घ्यायचीही भीती वाटली.

"बेअरिंग," नाना डोळे न उघडता म्हणाले.

"नाना, हे संगणकाचं आहे."

"फिरतं ना काहीतरी आत?"

"फिरतं. मिनिटाला ७२०० फेरे."

"मग बेअरिंग." त्यांनी डोळे उघडले. "कोरडं पडलंय. तेल कधी घातलं होतंस?"

"ह्याला तेल घालत नाहीत हो."

"म्हणून ही वेळ आली."

मी त्यांना समजावायला गेलो. नाना, आत आरशासारख्या तबकड्या असतात, त्यांच्यावरून वाचणारं डोकं तरंगत असतं, तबकडी आणि डोक्यामधलं अंतर काही नॅनोमीटर असतं. आपला केसच कित्येक हजार नॅनोमीटर जाड. धुळीचा कण गेला तर डोंगर कोसळल्यासारखं. नानांनी हे सगळं मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे साफ पण करायला पाहिजे. चार स्क्रू काढ, फुंकर मारू."

मी डिस्कवर आडवा हात ठेवला. नाना वाकून तिचं झाकण वाचू लागले, आणि त्यांचा चेहरा उजळला. ह्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते दिलेलं असतं, त्याच्या आत गाळणी असते, आणि हे भोक झाकू नका अशी सूचना तिथेच छापलेली असते. नानांनी ती सूचना मोठ्याने वाचली. दोनदा. मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की पस्तीस वर्षांच्या नोकरीचं सार्थक झालं असावं.

"तेल घालत नाहीत म्हणे! मग हे भोक कशाला दिलंय?"

आणि दुसऱ्या खिशातून त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाची, लांब नळीची, प्लास्टिकची बाटली काढली.

त्यानंतरची दोन मिनिटं मला पूर्ण आठवत नाहीत. मी "नाना नको" असं बहुधा सहा-सात वेळा ओरडलो. बायको धावत आली तेव्हा मी दोन्ही हातांनी नानांचं मनगट धरलं होतं आणि बाटलीच्या नळीला एक थेंब लोंबत होता. तो थेंब शेवटी माझ्या कीबोर्डवर पडला. स्पेसबार तेव्हापासून फार छान चालतो, हेही सांगितलं पाहिजे.

"दोन थेंबांत काम झालं असतं," नाना दुखावून म्हणाले. "पण तुम्हा लोकांना बघत बसायचं असतं."

हे मला लागलं. आणि नंतर जास्त लागलं, कारण त्याच रात्री मी वाचलं, की हल्लीच्या हार्ड डिस्कमध्ये छऱ्यांची बेअरिंग नसतात, आत तेलाचाच पातळ थर असतो आणि त्यावर सगळं फिरतं. म्हणजे नाना अर्धे बरोबर होते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

भाचीला फोन लावला तो ह्यानंतर. तिने पहिला प्रश्न विचारला, "पेंडिंग किती?" मी अभिमानाने म्हणालो, "दहा. त्याआधी सी होता, पण पहिला आठवडाभर ए."

"काय होता?"

मी समजावून सांगितलं. पुढचं हसू तुम्हाला ठाऊक आहेच. हसणं ओसरल्यावर तिने सांगितलं, की तो रकाना हेक्साडेसिमलमध्ये आहे. तिथे मोजणी दहावर नाही, सोळावर चालते. नऊनंतर ए म्हणजे दहा, सी म्हणजे बारा, आणि माझा स्थिर, सुखाचा, शांत झोप देणारा दहा म्हणजे सोळा. "रात्री काही टेस्ट वगैरे नाही ना चालवलीस?" तिने विचारलं. चालवली होती. दोनदा. ती सविस्तरवाली, जी डिस्कचा कोपरान् कोपरा वाचून काढते. "मामा, मरायला टेकलेल्या माणसाला ट्रेडमिलवर चढवलंस तू. आधी कॉपी करायची असते, चाचण्या नंतर!"

मग तिने जरा समजुतीने सांगितलं, की पिवळी चौकट दिसणं हेच खरं तर माझं नशीब होतं. गूगलच्या तिघांनी २००७ मध्ये लाखावर डिस्कचा अभ्यास करून निबंध लिहिला होता. मेलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी मरण्याआधी, तापमान सोडलं तर, स्मार्टमध्ये कसलीही कुरकुर नोंदवली नव्हती. सरळ गेल्या. आणि डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत पहिला दोष सापडला, की पुढच्या साठ दिवसांत ती मरण्याची शक्यता ३९ पट वाढलेली दिसली. "तुझी बिचारी तीन आठवडे ओरडत होती," भाची म्हणाली, "आणि तू तिला मार्क देत होतास."

तुम्ही विचाराल, कॉपी का नाही केली? बाहेरून जोडायची डिस्क घरात आहे. बॅकअपसाठीच घेतलेली. कपाटात, खोक्यात, सील न फोडलेली. कारण असं, की आधी आवरायचं होतं. एकाच सूर्यास्ताचे चौदा फोटो, 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २', 'नवीन फोल्डर २ शेवटचं', हा कचरा तसाच्या तसा नव्या डिस्कवर कसा टाकायचा? घर आवरल्याशिवाय पाहुणे बोलवत नाहीत तसंच ते. आवरून झालं की लगेच करणार होतो.

रविवारी भाची आली. तिने डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम लावला. तो समंजस आहे, चटकन वाचता येतं ते आधी उचलतो, हट्टी जागा मागे ठेवतो आणि कुठे काय राहिलं ह्याची नोंद दुसरीकडे करतो. तिने "दुसरीकडे" हा शब्द माझ्याकडे बघून उच्चारला. दीड दिवस ते चाललं. मधूनमधून नाना येऊन विचारायचे, "निघालं का काही?" आणि मग, "पण आत होतं काय एवढं?" पहिल्यांदा मी फोटो म्हणालो. कसले, म्हणाले. मला पटकन सांगता येईना. खोटं कशाला बोलू, दोन टीबीत काय आहे हे माहीत नसताना ते जाईल म्हणून रडकुंडीला आलो होतो, आणि हे नानांच्या लक्षात आलं ह्याचा राग डिस्कच्या रागापेक्षा मोठा होता.

जवळजवळ सगळं निघालं. चौदाच्या चौदा सूर्यास्त सुखरूप. काही फायली मात्र मधोमध भोकं पडलेल्या निघाल्या, त्या उघडेनात. यादीत पहिलंच नाव होतं, 'डिस्क निरीक्षण तक्ता'. हो, त्याच डिस्कवर होता. मग कुठे ठेवणार? भाचीने त्या यादीचा स्क्रीनवरून फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सासऱ्यांनी त्यावर हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

आता संगणकात एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, बसवलीय. बसवली त्या संध्याकाळी नाना स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. टोक ठेवलं, मुठीला कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ गेला. एसएसडीत फिरणारं काही नसतं हे मला सांगायचं होतं, पण मी मुद्दाम गप्प बसलो. नानांनी कान काढला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गेलीय ही," ते हळू आवाजात म्हणाले. "परत दे."

रात्री सगळे झोपल्यावर मी प्रोग्रॅम उघडून बघितला. निळी चौकट, आरोग्य १०० टक्के. मग उठून कपाटातलं खोकं काढलं आणि सील फोडलं. आत वॉरंटीचं कार्ड होतं. मागच्या महिन्यात संपली.