दहापट भरपाईचा फिरता संदेश आणि मोटार वाहन कायदा

गेली काही वर्षे मोबाइलवर एक संदेश अधूनमधून नव्याने फिरू लागतो. त्यातले म्हणणे थोडक्यात असे : एखाद्याचा अपघाती मृत्यू झाला आणि तो मागील तीन वर्षे आयकर विवरणपत्र भरत असला, तर त्या तीन वर्षांच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहापट रक्कम त्याच्या कुटुंबाला देणे सरकारवर बंधनकारक आहे. उदाहरण चार, पाच आणि सहा लाखांचे. सरासरी पाच लाख, म्हणून भरपाई पन्नास लाख. विवरणपत्र नसेल तर दावा बुडाला, आणि लोकांना माहिती नसल्यामुळे कोणी मागायला जात नाही, असेही पुढे लिहिलेले असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १६६ आणि सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आधार म्हणून दिल्यामुळे वाचणाऱ्याला शंका येत नाही. कलम खरे आहे. त्याच्या तोंडी घातलेले शब्द मात्र त्यात नाहीत.

पैसे सरकार देते, हे त्यातले पहिले विधान. कलम १६६ भरपाईचा अर्ज कोणी आणि कोठे करावा एवढेच सांगते. जखमी व्यक्तीने, मृताच्या कायदेशीर वारसांनी किंवा त्यांनी नेमलेल्या प्रतिनिधीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे तो करायचा असतो, आणि न्याय्य भरपाई किती हे कलम १६८ नुसार न्यायाधिकरण ठरवते. त्या दाव्यात समोर उभे असतात ते ज्याच्या हयगयीने अपघात घडला तो चालक, गाडीचा मालक आणि थर्ड पार्टी विमा उतरवणारी कंपनी. धडक देणारी गाडी सरकारी असेल तरच तिचा मालक म्हणून सरकार त्यात येते. दुसऱ्याची चूक दाखवावी लागत असल्यामुळे, स्वतःच्याच चुकीने दुचाकी झाडावर आदळून मृत्यू पावलेल्या माणसाच्या वारसांना या कलमाखाली काही मिळत नाही. त्यांनी पाहायचे ते गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकासाठीचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण होते की नाही.

सरकारी पैसा मुळीच नसतो असेही नाही. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तर कलम १६१ खालील योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. २०२५ च्या मे महिन्यापासून रस्ते अपघातातील जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या रोकडविरहित उपचारांची योजना आहे. महाराष्ट्रात शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, तीत मृत्यूसाठी दोन लाख रुपये आहेत. यांपैकी कोठेही आयकराचा संबंध नाही. संदेशात तर नुसते 'अपघाती मृत्यू' म्हटले आहे. मग मुंबईच्या लोकलमधून पडलेल्या प्रवाशाचे काय? तेथे कायदाच वेगळा, न्यायाधिकरणही वेगळे, आणि रक्कम सरसकट आठ लाख, मग तिकीट काढून प्रवास करणारा तो माणूस हमाल असो की बँकेचा व्यवस्थापक.

'दहापट' हा आकडा कोठून आला हे मला उमगलेले नाही, कारण न्यायालये वार्षिक उत्पन्नाला ज्या आकड्याने गुणतात त्या गुणकांच्या तक्त्यात दहा हा आकडाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालाने मृताच्या वयानुसारचा हा तक्ता निश्चित केला आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायम ठेवला. पंचविशीपर्यंत १८, ३१ ते ३५ वर्षांसाठी १६, ५१ ते ५५ साठी ११, ५६ ते ६० साठी ९, असा तो वयाबरोबर उतरत जातो. त्याआधी उत्पन्नात भविष्यातील वाढ मिळवायची, आणि मृताने स्वतःवर केला असता तो खर्च वजा करायचा. संदेशातलेच पाच लाख घेऊ आणि कराचा विचार तूर्त बाजूला ठेवू. पस्तीस वर्षांचा दुकानदार, मागे पत्नी, दोन मुले आणि आई : ४० टक्के वाढ धरून सात लाख, चौथा हिस्सा वजा करून सव्वापाच लाख, गुणिले १६, म्हणजे ८४ लाख. अठ्ठावन्न वर्षांचा दुकानदार, मागे पत्नी आणि एक अवलंबून असलेले अपत्य : १० टक्के वाढ, एक तृतीयांश वजावट, गुणक ९, म्हणजे ३३ लाख. उत्पन्न तेच असून पहिल्या घराला पन्नास लाखांवर समाधान मानायला लावणारा आणि दुसऱ्याला खोटी आशा लावणारा हा हिशेब आहे. वारसांनी गमावलेला मृताचा सहवास, अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा त्यावर मिळतात. उलट मृताचीही काही चूक ठरली, तर तेवढ्या टक्क्यांनी रक्कम घटते.

विवरणपत्राशिवाय दावा नाही, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. विवरणपत्र हा उत्पन्नाचा भक्कम पुरावा आहे यात वाद नाही, पण तो एकमेव पुरावा नाही. एका भाजीविक्रेत्याचा पाय अपघातात गेला. त्याच्याकडे उत्पन्नाचा एकही कागद नव्हता, तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्याचे मासिक उत्पन्न साडेसहा हजार रुपये धरले. गृहिणीच्या कामाचे मोल धरून भरपाई देण्याचे निकाल २००१ पासून आहेत. शेतमजूर, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बाई यांनी हा संदेश वाचून घरी बसावे, असे कायद्यात काहीही नाही.

संदेशात जखमींबद्दल एक ओळही नाही. हात-पाय गमावूनही जगलेला माणूस हाही दावेदारच असतो, आणि त्याचा हिशेब अधिक बारकाईचा असतो. उपचार, प्रवास, पोषक आहार, शुश्रूषेला ठेवलेले माणूस, बुडालेला रोजगार, पुढे करावी लागणारी शस्त्रक्रिया, सोसलेल्या वेदना, आयुष्यातल्या गमावलेल्या सुखसोयी, असे प्रत्येक बाबीचे वेगळे पैसे धरले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या राजकुमार प्रकरणातील निकालाने यात एक मोलाचा भेद स्पष्ट केला : डॉक्टरांनी दिलेली अपंगत्वाची टक्केवारी वेगळी आणि कमावण्याची शक्ती किती गेली ते वेगळे. डावा हात कापावा लागला तर अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास धरले जाईल. पण तो माणूस सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि सरकारी कार्यालयात कारकून असेल तर नोकरी कदाचित टिकेलही. महिना वीस हजार मिळवणाऱ्या पस्तीस वर्षांच्या सुताराचा हिशेब साठ टक्क्यांनी केला तर २३ लाख ४ हजार होतात, शंभर टक्क्यांनी केला तर ३८ लाख ४० हजार, आणि यात भविष्यातील वाढ अजून धरलेलीच नाही. जखमी माणूस जिवंत असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या खर्चाची वजावटही येथे होत नाही. एका पायाचे चाळीस टक्के अपंगत्व म्हणजे सबंध शरीराचे चाळीस टक्के नव्हे, हेही प्रमाणपत्र हातात घेताना पाहून घ्यावे लागते, नाहीतर उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील ते दाखवून देतोच.

कोणी मागत नाही, हे म्हणणे तर जिल्हा न्यायालयात एकदा चक्कर मारली तरी टिकत नाही. खरी अडचण उशिराची आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबणे शहाणपणाचे नाही. अपघात वापीजवळ झाला तरी साताऱ्यात राहणाऱ्या कुटुंबाला साताऱ्यातच अर्ज करता येतो. बरोबर एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीच्या विम्याचा तपशील, वैद्यकीय कागद किंवा शवविच्छेदनाचा अहवाल, आणि रुग्णालयाची मूळ बिले लागतात. ती मेडिक्लेमसाठी कंपनीकडे द्यावी लागणार असतील, तर देण्याआधी त्यांच्या साक्षांकित प्रती करून ठेवाव्यात.