पियानो वाजवला नाही तरी सूर जातातच

सध्या एक मेसेज फिरतोय: "पियानो वाजवत नसाल तर ट्यूनिंग लागत नाही, ट्यूनरवाले उगाच पैसे काढतात, फोनवर ॲप घ्या, पाना आणा, घरीच करा. आणि पियानो जितका जुना तितका गोड." मुंबई-गोव्यात बऱ्याच जुन्या घरांत एखादा पियानो भिंतीला टेकून पडलेला असतो, त्यामुळे लोकांना हे पटतं. पण हे वाचून कोणी खरंच पाना हातात घेतला तर पंचाईत.

आधी ते 'वाजवत नाही' प्रकरण. पियानोत साधारण 230 तारा, सगळ्यांचा मिळून ताण 16 ते 20 टनांच्या घरात, आणि तो झाकण बंद असलं तरी चोवीस तास असतोच. तारांच्या मागे साउंडबोर्ड, म्हणजे स्प्रूसची पातळ फळी. पावसाळ्यात ती दमट हवा शोषून फुगते, मधून किंचित वर येते, तिच्यावरचा ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, तारांना ढकलतो आणि सूर चढतात. हवा कोरडी झाली की उलटं. बरं, सगळ्या पट्ट्या सारख्या सरकल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं, पण मधल्या सप्तकांत फरक जास्त पडतो, मग पियानो स्वतःशीच बेसूर होतो. रात्री एसी आणि दिवसा खिडक्या उघड्या, हे तर अजूनच वाईट.

पैसे काढतात म्हणे! वर्षातून दोनदा ट्यूनिंग करा हे यामाहासारख्या कंपन्याच सांगतात. वर्षानुवर्षं पडलेल्या पियानोचे सूर बरेच उतरलेले असतात, तारा ओढत जाल तसा साउंडबोर्डवरचा भार वाढतो आणि आधी लावलेल्या तारा परत उतरतात, म्हणून अख्खा पियानो दोनदा लावावा लागतो. मेहनत डबल, तर पैसे जास्त होणारच ना.

आता ॲप. चांगले ट्यूनरही ॲप वापरतात, पण ते पियानोसाठी बनवलेलं असतं. तार कडक असल्यामुळे तिचे वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत निघणारे बारीक स्वर, हिशेबापेक्षा थोडे चढे निघतात, म्हणून पियानोत वरची सप्तकं किंचित चढी आणि खालची किंचित उतरी लावतात. गिटारचं साधं ॲप काटेकोर आकडा दाखवतं, आणि वरच्या पट्ट्या उतरलेल्या वाटतात. शिवाय बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा. एक सेकंदाला 440 कंपनांवर, शेजारची 441 वर, की सेकंदाला एकदा 'वांव' असा हेलकावा ऐकू येतो. तंबोरा लावणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

खरी गोम हातात आहे. तार जिच्यावर गुंडाळलेली असते ती पिन लाकडात घट्ट बसलेली असते, फिरवताना ती थोडी पिळली जाते, नीट बसवली नाही तर पुढच्या वेळी चार-पाच पट्ट्या एकदम जोरात वाजवल्या की सटकते. साध्या पान्याने तिचे चौकोनी कोपरे झिजतात आणि गंजलेली तार तुटली तर डोळा सांभाळा.

जुना तितका गोड? तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरचं फेल्ट, म्हणजे दाबलेली लोकर, कडक होतं, त्याला कसर लागते, पिनांची भोकं सैल पडतात. गोड कसला!

ट्यूनरला पाऊस ओसरून हवा स्थिरावली की, नोव्हेंबरच्या आसपास बोलवा. जूनच्या तोंडावर लावून घेतलात तर जुलैत परत तेच.