खुलासा: सिगारेटने चरबी ‘आटोक्यात’ राहत नाही

‘सिगारेट सोडली की वजन वाढतं, म्हणून हृदयरुग्णाने ती एकदम सोडू नये’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यातला वजनाचा भाग खरा आहे. निकोटिनने भूक मंदावते आणि सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढतं. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा, आणि जिवावर बेतणारा.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, तिच्या पेशी सतत रसायनं सोडत असतात. त्यातलंच एक, दाह (शरीरातली सूज) आवरणारं अ‍ॅडिपोनेक्टिन, धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात कमी आढळतं. माणूस सडपातळ दिसत असला तरी पोटाच्या आत, अवयवांभोवती चरबी जास्त साठलेली असू शकते. हृदयावरची चरबी तर कोरोनरी धमन्यांना, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना, अगदी लगटून असते, मध्ये पडदासुद्धा नाही. तिथे दाह पेटला की झळ शेजारच्या धमनीच्या भिंतीला लागते. वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही.

कोरोनरी विकार असलेल्यांनी धूम्रपान सोडलं की मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. वाढलेल्या किलोंनी हा फायदा पुसला जात नाही. सोडताना तलफ सहन होत नसेल तर निकोटिनचे पॅच, च्युइंगगम आणि गोळ्या आहेत. आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.