चिरंजीवांना वकील करताना

चिरंजीवांनी जेवता जेवता जाहीर केलंय की मेडिकल स्कूल रद्द, आता लॉ स्कूल. जीपीए, म्हणजे अमेरिकेतल्या पदवीची चारापैकी सरासरी, विचारलात तर वरणाकडे बघत ‘३.११’ म्हणाला. तुमचा घास हातातच राहिला. घाबरू नका. प्रवेशाची शक्यता शास्त्रशुद्धपणे कशी जोखायची ते सांगतो, म्हणजे व्यवस्थित घाबरता येईल.

पहिली गोष्ट, जीपीए ३.११ नाहीच. तो युनिव्हर्सिटीचा, म्हणजे घरातला आकडा. लॉ स्कूलकडे जाणारा आकडा एलसॅक नावाची संस्था स्वतः काढते, आणि ती कुणाची नातेवाईक लागत नाही. आठवतं ना, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत डी पडला होता, मग तोच विषय पुन्हा घेऊन त्यानं बी मिळवला आणि युनिव्हर्सिटीनं मोठ्या मनानं तो डी हिशोबातून वगळला? एलसॅकचं मन एवढं मोठं नाही. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेवर, दिसतोय ना, मग डीही धरणार आणि बीही. हायस्कूलात असताना उन्हाळ्यात त्याला कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलसला घातलंत (मंडळाच्या गणपतीत चार जणांना सांगितलंतही), तिथला सीसुद्धा धरणार. एक दिलासा आहे: ए प्लस असेल तर त्याचे ४.३३ मिळतात. चिरंजीवांचा एकुलता एक ए प्लस ‘संगीताचा आस्वाद’ या विषयात आहे. तेव्हा त्याला गाणी ऐकण्यापासून उठवून केमिस्ट्रीच्या पुस्तकापुढे कुणी बसवलं होतं, हे आत्ता उकरून काढायला नको.

सगळी बेरीज केली की उरतात ३.०२. ‘मग मास्टर्स करून वर आणू’ ही तुमची कल्पना मंडळातल्या सगळ्यांनाच सुचते. पहिली पदवी हातात पडली की तो आकडा गोठला; पुढे दोन मास्टर्स केली तरी दुसरा दशांशदेखील हलत नाही.

आता मीडियन. हे नीट समजून घ्या, कारण एरवी तुम्ही पहाटे तीनपर्यंत शक्यता सांगणाऱ्या कॅल्क्युलेटरांत तेच आकडे पुन्हा पुन्हा भरत बसाल. शाळेत पी.टी.च्या तासाला आपल्याला उंचीप्रमाणे उभं करायचे, तशी लॉ स्कूल आपल्या नव्या वर्गाला उभं करतात आणि बरोबर मधल्या मुलाची उंची जगाला सांगतात. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या नियमानुसार हे आकडे दर डिसेंबरात जाहीर करावेच लागतात. रांगा दोन: एक जीपीएची, दुसरी एलसॅटची, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची. हार्वर्डचा मधला मुलगा ३.९च्या पुढे आहे आणि एलसॅटला १८०पैकी १७०च्या बराच वर.

यातली गंमत बघा. तुमचा मुलगा मध्याच्या खाली उभा राहणार हे ठरलेलंच असेल, तर तो ३.८वर आहे की ३.०२वर, यानं मधल्या मुलाची उंची एका केसानंही बदलत नाही. म्हणजे ‘निदान थोडा तरी अभ्यास केला असतास’ हे तुमचं वाक्य मीडियनच्या हिशोबात चूक आहे. करायचा तर भरपूर, नाहीतर गाणी ऐकायची.

अर्थात मध्याखालच्या जागा फुकट वाटत नाहीत. त्या मिळतात दुसऱ्या रांगेत उंच असलेल्यांना. जीपीए बुटका आणि एलसॅट ताडमाड अशा मुलाला तिथे स्प्लिटर म्हणतात. एलसॅटमधली कोड्यांची लॉजिक गेम्स ऑगस्ट २०२४पासून गेली, त्यामुळे लहानपणापासून सुडोकू सोडवून घेतलेत ते वाया. आता दोन विभाग फक्त दुसऱ्याच्या युक्तिवादातली फट शोधायचे आणि एक वाचून समजण्याचा. पहिल्याची तयारी गेली दहा वर्षं तुमच्याच जेवणाच्या टेबलावर चालू आहे, क्लासची फी वाचली. दुसऱ्याचं काही सांगता येत नाही, तुमचे व्हॉट्सअॅप मेसेज तो कसे वाचतो ते बघा. परीक्षा आयुष्यात सात वेळा देता येते आणि मीडियनसाठी कॉलेजं सर्वांत चांगला निकालच मोजतात. दोन्ही रांगांत मुलगा बुटकाच निघाला, तर मात्र कॉलेजला एखादी इमारत बांधून द्यावी लागेल.

आणि अगदीच अपराधी वाटू लागलं तर इलिनॉय आठवा. तिथल्या युनिव्हर्सिटीच्या लॉ कॉलेजलाही कमी जीपीएचा त्रास होता. त्यांनी एलसॅट दिलं नाही, पुन्हा अर्जही केला नाही. अनेक वर्षं मधल्या मुलाची उंची सरळ वाढवून लिहिली. २०११मध्ये उघडकीला आलं आणि २०१२मध्ये बार असोसिएशननं अडीच लाख डॉलर दंड केला. व्यावसायिक नीतिमत्ता हा विषय अमेरिकेतल्या प्रत्येक लॉ कॉलेजात सक्तीचा आहे, विद्यार्थ्यांना.

राहिला खुलासा. अर्जासोबत जीपीए का घसरला याचं छोटं निवेदन जोडता येतं. रडगाणं नको, कुणाला दोष नको, एका परिच्छेदात कारण आणि पुढच्या दोन वर्षांतल्या चांगल्या ग्रेड्स. चिरंजीवांनी कच्चा मसुदा लिहिलाय: ‘पहिली दोन वर्षं मी कुटुंबाच्या अपेक्षेनुसार प्री-मेड केलं.’ तपासून द्यायच्या निमित्तानं तो मागून घेऊन त्यात ‘प्रेमळ’ हा शब्द घालू नका.

एक उपाय होता, पण तो वीसेक वर्षांपूर्वीच करायला हवा होता. भारतातून पदवी घेऊन अर्ज केला तर एलसॅक जीपीए काढतच नाही. ट्रान्सक्रिप्ट बघून एक शब्द देते: उत्कृष्ट, सरासरीपेक्षा वर, सरासरी किंवा सरासरीखाली. आकडाच नाही, त्यामुळे जीपीएच्या रांगेत उभंही राहावं लागत नाही. मुलाच्या भवितव्यासाठी तुम्ही सांगली सोडलीत, नाही का?

रविवारी सांगलीला फोन लावाल तेव्हा आजी विचारणारच, ‘किती पडले रे त्याला?’ तुम्ही पडेल आवाजात सांगाल, चारापैकी तीन पॉइंट शून्य दोन. पलीकडे क्षणभर शांतता. आजी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली आहे.

‘म्हणजे साडेपंच्याहत्तर टक्के,’ ती म्हणेल. ‘अरे, डिस्टिंक्शन की! आणि तू असा काय बोलतोयस? तुला बासष्ट होते.’