आत्या, पैसे भरण्याआधी हे वाच

गेल्या रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात आत्याचा फोन. "चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर आलंय ते वाचलंस का रे? मी उद्याच अ‍ॅडव्हान्स भरते. परत अशी संधी यायची नाही म्हणतात."

आत्या ६८ वर्षांची. निवृत्त शिक्षिका. राहते अहिल्यानगरला, तिच्या तोंडी अजून नगरच. गुडघे दुखतात, पण यरुशलेम बघायचं म्हणून पेन्शनीतून वेगळे पैसे काढून ठेवते, आणि ते कितीही अडचण आली तरी मोडत नाही. (वर्तमानपत्रं जेरुसलेम लिहितात. आमच्याकडे मराठी बायबलमधलं यरुशलेमच चालतं, मीही तेच लिहिणार.)

तर तो मेसेज. 'यरुशलेमला जायची हीच वेळ! मीडिया लपवतं त्या सात गोष्टी.' लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. खाली हात जोडलेले आणि 'किमान दहा जणांना पाठवा'. आत्यानंतर आणखी तिघांनी मला तोच पाठवला, त्यातला एक इंजिनिअर आहे. फोनवर मी वैतागून "फालतू आहे सगळं" म्हणालो, तर आत्या म्हणाली, "मग काय फालतू आहे ते नीट सांग." म्हणून हे.

मी २०१९ मध्ये पुण्याहून ग्रुपबरोबर जाऊन आलो. आठ दिवस म्हणजे काही अभ्यास नव्हे. पण त्या मेसेजवाल्याने आठ तासही काढलेले दिसत नाहीत.

पहिला मुद्दा: 'तीन धर्मांचं पवित्र शहर असल्याने यरुशलेमवर कधीच हल्ला होत नाही.' अहो, बायबल तरी उघडा! बाबेलच्या राजाने, नबुखद्नेस्सराने, या शहराचं काय केलं? इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं, १०९९ मध्ये क्रुसेडवाल्यांनी कत्तल केली, १९४८ आणि १९६७ मध्ये गल्ल्यागल्ल्यांतून लढाई झाली. हे जुनं म्हणाल तर १० मे २०२१ ला गाझातून याच शहराच्या दिशेने रॉकेटं सुटली. एप्रिल २०२४ मध्ये इराणच्या हल्ल्याच्या रात्री शहरातल्या त्या प्रसिद्ध सोनेरी घुमटाच्या वरच आकाशात क्षेपणास्त्रं पाडली जात होती, ते फोटो जगाने बघितले. ८ सप्टेंबर २०२५ ला रामोत चौकातल्या बसथांब्यावर गोळीबारात सहा माणसं गेली. एवढं मात्र कबूल की तेल अवीव आणि हैफाच्या मानाने यरुशलेमला क्षेपणास्त्रांचा मार कमी बसलाय. पण कमी आणि कधीच नाही यात फरक असतो, आणि बसथांब्यावरच्या बंदुकीला घुमट कुठला ते कळत नाही.

दुसरा: 'दोन हजारांचा प्रवास विमा काढा, युद्ध झालं तर कंपनीच विमानाने परत आणते.' आत्या, हे वाचून माझं डोकंच फिरलं. आपल्याकडच्या प्रवास विम्यात काय काय वगळलंय त्याची यादी बारीक अक्षरात असते, आणि त्यात युद्ध बहुधा असतंच. पॉलिसी हातात घे, भिंग घे आणि तेवढं एक पान वाच. १३ जून २०२५ ला इस्रायल-इराण युद्ध पेटलं तेव्हा बेन गुरियन विमानतळच बंद झाला. विमानच उडत नाही तर कंपनी आणणार कशातून? तेव्हा आपल्या लोकांना सरकारने ऑपरेशन सिंधूमधून काढलं. आधी जमिनीवरून सीमा ओलांडून जॉर्डनला आणि इजिप्तला, मग तिथून विमान. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑपरेशन अजयच्या पहिल्या विमानातून २१२ जण दिल्लीला उतरले, तेही सरकारनेच पाठवलेलं विमान होतं. तेव्हा विम्यावर विसंबण्याआधी भारतीय दूतावासाकडे नाव नोंदव. तो दूतावास तेल अवीवला आहे, यरुशलेमला नाही.

तिसरा पासपोर्टचा. 'इस्रायलचा शिक्का बसला की दुबई कायमची बंद. परत आल्यावर पासपोर्ट हरवल्याची तक्रार द्या, नवा कोरा मिळतो.' दुबईचं म्हणाल तर अमिरातींनी २०२० मध्येच इस्रायलशी संबंध जोडले. शिक्का तर इस्रायल २०१३ पासून पासपोर्टवर मारतच नाही, एक छोटी निळी चिठ्ठी देतात, ती सांभाळायची. यात अर्धं खरं आहे, तेही सांगतो. लेबनॉनसारखे देश इस्रायलला जाऊन आल्याची खूण दिसली तर आत घेत नाहीत, आणि तुझी टूर जॉर्डन-इस्रायल-इजिप्त अशी असल्याने इस्रायलला लागून असलेल्या ताबाच्या सीमेवर बसलेला इजिप्तचा शिक्काच चुगली करतो. पण तुला बैरूतला कुठे जायचंय? आणि पासपोर्ट हरवल्याची खोटी तक्रार? जन्मभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलंस आणि आता पोलीस ठाण्यात जाऊन हे सांगणार? खोटी माहिती देऊन पासपोर्ट काढणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे.

आता चौथा. खरं तर हे सगळं लिहायला बसलो ते याच्यासाठी. जसाच्या तसा देतो: 'सोनेरी घुमटाच्या अल-अक्सा मशिदीत अब्राहामाचा दगड आहे. तिथे गुडघे टेकून मराठीत प्रार्थना करा. पोलिसांना भाषा कळत नाही, त्यामुळे भिण्याचं कारण नाही.'

एका दमात इतक्या चुका करायला मेहनत लागते. सोनेरी घुमट आहे तो शिलाघुमट, इ.स. ६९१-९२ च्या सुमाराचा; अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघाला म्हणतात तो दगड याच्या आत. अल-अक्सा मशीद त्याच आवारात दक्षिणेला, तिचा घुमट करड्या रंगाचा. (मुसलमान कधीकधी सगळ्या आवारालाच अल-अक्सा म्हणतात, तेवढी सूट देतो.) दोन्ही वास्तूंच्या आत बिगर मुस्लिमांना २००० सालापासून सोडत नाहीत, त्यामुळे तो दगड तुला दिसणारच नाही. बाहेरच्या आवारात जाता येतं, पण एकाच दाराने. पश्चिम भिंतीच्या शेजारून लाकडी पूल वर चढतो तिथून, शुक्रवार-शनिवार सोडून, ठरलेल्या थोड्या तासांत. १९६७ च्या लढाईनंतर ठरलेली व्यवस्था अशी की आवाराचा कारभार वक्फकडे (म्हणजे मुस्लिम धार्मिक विश्वस्त संस्थेकडे), दारावर इस्रायली पोलीस, प्रार्थना मुसलमानांनी करायची आणि बाकीच्यांनी बघून परत यायचं. यहुद्यांचं जुनं मंदिर याच जागी होतं, म्हणून त्या पुलाच्या तोंडाशी मुख्य रब्बींचा, म्हणजे यहुदी धर्मगुरूंचा, फलक आहे की यहुद्यांना धर्मशास्त्राप्रमाणे आत जायला मनाई आहे. काही यहुदी गट हल्ली आत जाऊन प्रार्थना करतात, त्यावरून तिथे दर थोड्या दिवसांनी भडका उडतो. ज्या गोष्टीवरून तिथली माणसं एकमेकांच्या अंगावर जातात ती आमच्या आत्याने जाऊन करायची, का तर पोलिसांना मराठी येत नाही!

पर्यटकाने काय मोठं होतंय, असं वाटेल. मग १९६९ ऐक. ऑस्ट्रेलियाचा डेनिस मायकेल रोहन, वय २८, ख्रिस्ती, पर्यटक म्हणून आलेला. त्याच्या डोक्यात बसलं की इथे पुन्हा मंदिर उभं राहिल्याशिवाय प्रभू येशू परत येणार नाही आणि ते काम देवाने आपल्यावरच सोपवलंय. २१ ऑगस्टला सकाळी त्याने अल-अक्सात आग लावली. बाराव्या शतकातला लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनाचा मंच, जळून गेला. नूरुद्दीन या मुस्लिम राज्यकर्त्याने करवून घेतलेला आणि सुलतान सलाहुद्दीनने तिथे आणून बसवलेला तो मंच होता. रोहन वेडा ठरला. पण महिनाभराने मुस्लिम देशांचे नेते मोरोक्कोत रबातला जमले आणि त्यातून आजची इस्लामी सहकार्य संघटना उभी राहिली. त्या बैठकीला भारतालाही बोलावलं होतं. फख्रुद्दीन अली अहमद, पुढे राष्ट्रपती झाले ते, शिष्टमंडळ घेऊन पोचले, आणि पाकिस्तान अडून बसल्यावर भारताला बाहेर बसावं लागलं. एका माथेफिरू पर्यटकाची काडी दिल्लीच्या परराष्ट्र खात्यापर्यंत अशी पोचली. पुढे २८ सप्टेंबर २००० ला इस्रायलचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते आरिएल शारोन नुसते त्या आवारात फिरून आले, दुसऱ्या दिवशी गोळ्या चालल्या आणि दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, पेटला.

म्हणून तिथले पहारेकरी पर्यटकाच्या हाताकडे बघत असतात, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या ग्रुपमध्ये सोलापूरचे एक निवृत्त मास्तर होते, फार साधा माणूस. पुलाआधी पिशव्या तपासल्या तेव्हा कोटाच्या आतल्या खिशातला छोटा नवा करार (बायबलचा दुसरा भाग) कुणाला सापडला नाही. वर आवारात पोचल्यावर त्यांना भरून आलं. ऑलिव्हच्या झाडाखाली उभे राहिले, चष्मा वर सरकवला, खिशातून ते पुस्तक काढलं आणि एक ओळ पुटपुटले. दुसरी ओळ काही झाली नाही. साध्या कपड्यातला एक माणूस हातात वॉकीटॉकी घेऊन कुठून आला ते कळलंच नाही. मागून दुसरा, मग पोलीस. आमचा गाइड नाझरेथचा अरब ख्रिस्ती, तो अरबीत हातापाया पडायच्या बेतात. मास्तर पांढरे पडले होते. अख्ख्या ग्रुपला आवाराबाहेर काढलं, बघणं राहिलं ते राहिलंच. सोलापुरी मराठी त्या माणसाला कळली नव्हती, हे मेसेजवाल्याचं अगदी बरोबर. पुटपुटणं कळायला भाषा लागत नाही.

आणि हो, साडीचं. तिथे पोट-पाठ उघडी दिसली की अडवतात. त्या दिवशी पंजाबी ड्रेस घाल, वरून मोठी शाल.

पाचवा: 'मुस्लिम भागात पाऊल ठेवू नका.' वर पहिल्याच मुद्द्यात शहर शंभर टक्के सुरक्षित होतं ना? ते सोडू. पण मग दुःखाच्या वाटेचं काय करणार? प्रभूने वधस्तंभ वाहिला म्हणतात ती व्हिया दोलोरोसा सुरूच होते मुस्लिम भागात, सिंहद्वाराजवळ. वाटेवर थांबून प्रार्थना करायची चौदा स्थानं आहेत, त्यातलं पहिलं तर तिथल्या मुलांच्या शाळेच्या अंगणात. चौदापैकी शेवटची पाच स्थानं येशूची कबर मानतात त्या पवित्र कबरेच्या चर्चमध्ये, बाकी सगळा दगडी पायऱ्यांचा बाजार. भिंतीवर रोमन आकडे, त्याखाली हातगाडीवर तीळ लावलेली लांबट कडी-पाव आणि कागदाच्या पुडीत झातर, म्हणजे तिथला सुक्या पानांचा मसाला. गाडीवाल्या म्हाताऱ्याने आमच्याकडून हिंदी सिनेमातल्या नटांची नावं वदवून घेतली आणि मग सुटे परत दिले. त्याच भागात हेरोद दरवाज्याजवळ सूफी संत बाबा फरीद यांच्या नावाची भारतीय धर्मशाळा आहे, तिरंग्यासकट. १९२४ मध्ये सहारनपूरहून आलेल्या अन्सारी घराण्याकडे तिचा सांभाळ आहे. तणाव असेल त्या दिवशी दमिश्क दरवाजा टाळावा, शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी गर्दीत शिरू नये, गाइड वळ म्हणाला की वळावं. यापलीकडे 'पाऊल ठेवू नका' वगैरे काही नाही.

सहावा: 'कबरेचं चर्च मुसलमानांच्या ताब्यात असून आत जायला त्यांना पैसे द्यावे लागतात.' चर्च सहा ख्रिस्ती पंथांचं आहे. त्यांचं आपसांत इतकं पटतं की कुणाचा कोपरा कुठला हे १८५२ च्या ऑटोमन फर्मानाने गोठवून ठेवलंय, आणि दर्शनी खिडकीखालची एक शिडी अठराव्या शतकापासून जवळजवळ तशीच उभी आहे. २००२ मध्ये इजिप्तच्या कॉप्टिक पंथाच्या एका साधूने छतावरची खुर्ची सावलीत सरकवली, त्यावरून इथिओपियन साधूंशी झालेल्या मारामारीत ११ जण इस्पितळात गेले. किल्ली जूदा घराण्याकडे असते आणि दार नुसैबा घराण्यातला माणूस उघडतो. दोन्ही घराणी मुसलमान. पिढ्यान्‌पिढ्या पहाटे येऊन ख्रिस्ती लोकांना त्यांच्याच चर्चचं दार उघडून देतात. तिकीट नाही. कुणी पैसे मागितले तर तो लफंगा समज.

सातवा, 'हॉटेलं रिकामी, दर निम्मे.' निम्मे वगैरे माहीत नाही, पण हे नाइलाजाने मान्य करतो. २०१९ मध्ये इस्रायलला ४५ लाखांवर पर्यटक आले, २०२४ मध्ये १० लाखसुद्धा नाहीत. कबरेच्या आत शिरायला आम्ही पावणेदोन तास उभे होतो, तुझ्या गुडघ्यांना तेवढं उभं राहावं लागणार नाही. फक्त रांग का नाही, हे आधी विचारायचं. शिवाय बेथलेहेम वेस्ट बँकेत, पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे आहे. मध्ये तपासणी नाका लागतो आणि गडबड झाली की तो बंद होतो. ते गाव हुकलं तर एजंट पैसे परत देणार का, हे लिहून घे.

हे सगळं मी आत्याला काल रात्री फोनवर वाचून दाखवलं. मध्ये एकदा "हं" म्हणाली, सोलापूरच्या मास्तरांच्या वेळी. विम्याचं पान शोधते म्हणाली, चष्मा कुठे ठेवलाय तेही शोधते म्हणाली. अ‍ॅडव्हान्स तूर्त थांबवलाय.

"आणि तो मेसेज?"

"तो मी महिला मंडळाला पाठवला रे, रविवारीच."

मग थोडं थांबून, "बरं, त्या आवारात मी मनातल्या मनात प्रार्थना म्हटली तर?"

मनातल्या मनात म्हण की, कोण अडवणार. ओठ तेवढे हलवू नकोस.