आडा हेगरबर्गने पैशासाठी देश सोडला नव्हता

महिला फुटबॉलचा विषय निघाला की एक मजकूर फिरत फिरत हमखास पुढ्यात येतो. त्याचा मथितार्थ असा: नॉर्वेची स्ट्रायकर आडा हेगरबर्ग हिने पैशासाठी राष्ट्रीय संघाकडे पाठ फिरवली, नॉर्वेने पुरुषांइतकं मानधन दिलं तरी तिचं समाधान झालं नाही, तिच्याविना संघाचं काही अडलं नाही, तिचे गोल ही फ्रान्सच्या लिऑन क्लबच्या तगड्या संघाची पुण्याई, आणि मोठ्या स्पर्धा जवळ आल्या तशी ती स्वतःला मिरवायला गुपचूप परतली. शेवटी मुलींना उपदेश असतो, की देश आधी, नखरे नंतर. हा उपदेश आपल्याकडे खेळणाऱ्या मुलींच्या घरापर्यंत पोहोचतो, त्यामुळे तो सोडून देणं मला जमत नाही.

आधी पैशाचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. तारखा नुसत्या ओळीने लावल्या तरी पुरे. 2017च्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत नॉर्वे नेदरलँड्स, बेल्जियम आणि डेन्मार्क या तिघांकडूनही हरला. तीन सामन्यांत एकही गोल नाही. त्यानंतर ऑगस्टमध्ये आडाने राष्ट्रीय संघातून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं. समान मानधनाचा करार जाहीर झाला ऑक्टोबरमध्ये आणि त्यावर सह्या झाल्या डिसेंबरमध्ये. म्हणजे ‘एवढं देऊनही ती गेली’ हे वाक्यच उलटं आहे. ती गेली तेव्हा ते दिलेलं नव्हतं. आणि पैसाच हवा असता तर डिसेंबरमध्ये परतायला तिला कोणी अडवलं होतं? त्या करारात महिला संघाची रक्कम 31 लाख क्रोनरवरून 60 लाखांवर गेली, आणि त्यातले साडेपाच लाख पुरुष खेळाडूंनी आपल्या वाट्यातून सोडले. उत्तम करार. पण आडाची तक्रार सरावाची होती, शिबिरांच्या तयारीची होती, महिलांच्या संघाकडे नॉर्वेची फुटबॉल संघटना किती गांभीर्याने बघते याची होती. राष्ट्रीय शिबिरांतून आपण मनाने मोडून परतायचो, असं तिने स्वतः सांगितलं आहे. प्रश्न नेहमी पैशाचा नसतो, हेही ती वारंवार सांगत राहिली. तिचं म्हणणं पटो न पटो, तिने जे म्हटलंच नाही ते तिच्या तोंडी घालू नये.

उलट, बाहेर राहण्याची किंमत तिनेच मोजली. डिसेंबर 2018मध्ये पॅरिसला पहिला महिला बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, तिला मिळाला. पुढच्या वर्षी वर्ल्ड कप फ्रान्समध्येच होता, आणि त्याच्या दोन्ही उपांत्य लढती व अंतिम सामना लिऑनमध्ये, तिच्या क्लबच्या स्टेडियमवर. 23 वर्षांच्या, जगात अव्वल ठरलेल्या स्ट्रायकरला यापेक्षा मोठा मंच मिळणार कुठे? पैशामागे धावणारी व्यक्ती अशी संधी हातची घालवत नाही. एक गोष्ट मात्र त्या मजकुरातही खरी असते आणि ती मान्य करायला हवी: तिच्याविना नॉर्वेने त्या वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलियाला पेनल्टींवर हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली, तर 2017च्या युरोत ती असताना संघाची धूळधाण झाली होती. संघ तिच्यावाचून अडला नाही, हे खरं. पण त्यावरून तिच्या तक्रारी खोट्या कशा ठरतात?

आता ‘लिऑनमध्ये कोणीही गोल मारेल’. लिऑनचा संघ जबरदस्त होता यात वाद नाही. मारोझान, रेनार, ल सोमेर, ब्राँझ अशा खेळाडू भोवती असल्या की पास चांगलेच येतात. पण 18 मे 2019चा बुडापेस्टचा सामना पुन्हा बघा. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल, समोर बार्सिलोना. पाचव्या मिनिटाला मारोझानचा गोल. मग 14व्या, 19व्या आणि 30व्या मिनिटाला हेगरबर्ग. म्हणजे 16 मिनिटांत हॅटट्रिक, अर्ध्या तासात सामना खलास, शेवटी 4-1. ते गोल बघताना चेंडूवर नजर ठेवली तर ते सोपे वाटतात. एकदा चेंडू सोडून फक्त तिच्याकडे बघा. पास निघायच्या आधी ती बचावपटूच्या नजरेआड सरकलेली असते, आणि चेंडू येतो तेव्हा तिला फक्त पाय लावायचा उरतो. नऊ नंबरचं, म्हणजे मुख्य स्ट्रायकरचं, खरं कसब ते. कुठलाही क्लब ते उसनं देऊ शकत नाही. शिवाय लिऑनला ती आली 2014मध्ये. त्याआधी नॉर्वेत स्टाबेककडून आणि मग जर्मनीत पोट्सडॅमकडून ती खेळली होती, आणि 2013च्या युरो फायनलमध्ये 18 वर्षांची असताना देशासाठी उतरली होती. गोल करायची तिची सवय लिऑनच्या आधीची आहे.

परतण्याबद्दलचा आरोप मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण त्यात मधली दोन वर्षं सरळ गाळलेली असतात. जानेवारी 2020मध्ये सरावात तिच्या गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटला. त्यातून सावरताना नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. ती मैदानात परत दिसली ती थेट ऑक्टोबर 2021मध्ये. मार्च 2022मध्ये लिसे क्लावेनेस नॉर्वेच्या फुटबॉल संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्या स्वतः राष्ट्रीय संघातून खेळलेल्या, पेशाने वकील. त्याच महिन्यात आडाचं पुनरागमन जाहीर झालं, आणि एप्रिलमध्ये कोसोव्होविरुद्ध पहिल्याच सामन्यात तिने हॅटट्रिक केली. यात गुपचूप काय होतं? आणि पुढे फुलांच्या पायघड्याही नव्हत्या. त्याच उन्हाळ्यात युरोत इंग्लंडने नॉर्वेला 8-0 हरवलं. आडा त्या संघात होती.

2023चा वर्ल्ड कप तर तिने स्वतःच्या मिरवणुकीसाठी वापरलाच नाही. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला स्वित्झर्लंडविरुद्धच्या सामन्याआधी राष्ट्रगीत झालं आणि सामना सुरू व्हायच्या आत ती बाहेर गेली. यावरही ‘पळाली’ असं लिहिलं गेलं. धावताना जांघेत दुखल्याचं तिला जाणवलं होतं. तिच्या जागी आयत्या वेळी सोफी रोमान हाऊग उतरली, आणि पुढच्याच सामन्यात फिलिपिन्सविरुद्ध रोमान हाऊगने हॅटट्रिक मारून नॉर्वेला बाद फेरीत नेलं.

टीका करायचीच असेल तर मैदानावरची करा, तिला जागा आहे. 2025च्या युरोत आडा नॉर्वेची कर्णधार होती. स्वित्झर्लंडविरुद्ध तिने हेडरवर गोल केला आणि एक पेनल्टी घालवली. जिनिव्हात इटलीविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात पुन्हा पेनल्टी बाहेर मारली, थोड्याच मिनिटांत बरोबरीचा गोल केला, आणि अखेरीस जिरेल्लीच्या गोलवर नॉर्वे 2-1 हरला. दुसरी पेनल्टी तिने घ्यायला हवी होती का, यावर मी कोणाशीही तासभर वाद घालीन. माझं मत विचाराल तर, दुसऱ्या कोणाला तरी द्यायला हवी होती.