बूट न मळवता शेतकरी कसे व्हावे

अमेरिकेत घर घेतलंत, अभिनंदन. आता मालमत्ता कराचं बिल उघडू नका, निदान जेवणाआधी तरी. घर न्यू जर्सीत असेल तर मुळीच नको, कारण देशात सर्वांत चढा मालमत्ता कर भरण्याचा मान याच राज्याकडे आहे. तो कमी करायचे दोन मार्ग. पहिला म्हणजे लहान घरात राहायला जाणे. तो आपण इथेच सोडून देऊ. दुसरा म्हणजे शेतकरी होणे.

दचकू नका. शेतकरी व्हायला सांगतोय, शेती करायला कुठे सांगतोय? महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं, आणि त्यासाठी आजोबांच्या नावाचा सातबारा शोधत तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. इथे तुमच्या आजोबांशी कुणालाही देणंघेणं नाही. जमीन हवी, एक फॉर्म हवा, आणि चेहऱ्यावर मातीबद्दल थोडी आस्था हवी. आस्था फॉर्मवर लिहावी लागत नाही, पण असलेली बरी.

चारचौघांत बोलायला उपयोगी म्हणून थोडा इतिहास लक्षात ठेवा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतली शहरं गावांच्या अंगावर पसरत गेली. शेताच्या बांधापर्यंत घरं आली, आणि कर आकारणारा अधिकारी शेताची किंमत बिल्डरच्या डोळ्यांनी करू लागला. जमिनीत मका, कर मात्र बंगल्याचा. मक्याच्या पैशांत तो भागेना, म्हणून शेतकरी जमीन विकायचा, आणि विकत कोण घ्यायचं ते सांगायला नको. त्यावर मेरीलँडनं १९५६ मध्ये तोडगा काढला: शेतीखालच्या जमिनीवर तिच्या बाजारभावाप्रमाणे कर न लावता शेती म्हणून तिची जी किंमत होईल तिच्यावर लावायचा. न्यू जर्सीनं तर १९६३ मध्ये राज्यघटना दुरुस्त केली आणि १९६४ मध्ये कायदा आणला. आज पन्नासही राज्यांत या ना त्या रूपात ही सवलत आहे. हेतू अगदी निर्मळ होता, आणि निर्मळ हेतूंच्या कायद्यांत आपल्यासारख्यांना शिरायला नेहमीच ऐसपैस जागा असते.

तर न्यू जर्सीत किमान पाच एकर शेतीखाली हवेत. घर, अंगण, पोहण्याचा तलाव त्यात धरत नाहीत, तेव्हा सहा एकर घ्या. कुठे कंजुषी करायची ते कळायला हवं. आधीची दोन वर्षं शेती चालू असल्याचं दाखवायचं आणि १ ऑगस्टच्या आत अर्ज द्यायचा. वर्षाला विक्री किती हवी? पहिल्या पाच एकरांमागे ५०० डॉलर. कायदा झाला तेव्हापासून जवळपास अर्धं शतक हा आकडा हलला नाही. मग बोगस शेतकऱ्यांवरून ओरड झाली आणि २०१३ मध्ये राज्यानं कठोर पाऊल उचललं: १,००० डॉलर! महिन्याला चौऱ्याऐंशी डॉलरही नाहीत. पुन्हा ही नुसती विक्री हं, नफा नव्हे. नफ्याची अट घातली असती तर खरे शेतकरीही बाद झाले असते.

पीक कोणतं? नवशिक्यानं गवत घ्यावं. ते आपलं आपण उगवतं, आणि जवळपासचा एखादा खरा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतो, कापतो, गठ्ठे बांधतो, घेऊन जातो. तुम्ही खिडकीतून हात हलवायचा आणि पावती सांभाळून ठेवायची. मागे झाडी असेल तर सरपण विका. नाताळची झाडं लावलीत तर त्याहून उत्तम, कारण ती विकण्याजोगी व्हायला कैक वर्षं लागतात, आणि पुढे पुरेशी विक्री होईल याचा स्पष्ट पुरावा असला तर कायदा वाट पाहायला तयार असतो. शेळ्या पाळायच्या तर जरा विचार करा. पाहुण्यांना त्या फार आवडतात, पण गुलाब खातात.

टेक्सासमध्ये असाल तर तुमच्यावर देवाचीच कृपा. तिथे पाच ते वीस एकरांवर मधमाश्या ठेवल्या तरी ती शेती धरतात, आणि मधपेट्या भाड्यानं आणून ठेवणारे, त्यांची निगा राखणारे व्यावसायिकही मिळतात. काम माश्या करतात, देखरेख भाडोत्री माणूस करतो आणि शेतकरी तुम्ही. माश्यांची भीती वाटत असेल तर १९९५ पासून वन्यजीव व्यवस्थापनाचीही सोय आहे. जमिनीला आधीपासून शेतीचा दर्जा असला की पुरे. मग नेमून दिलेल्या सातांपैकी किमान तीन कामं करायची. सातांत प्राण्यापाखरांना खाणं देणे, पाणी ठेवणे आणि त्यांची मोजदाद करणे ही तीन आहेत. अहो, हे तर तुमचे सासरे बाल्कनीत बसून रोज करतात, तेही काही सवलत न मागता!

फ्लोरिडानं याबाबतीत फार पूर्वी आघाडी घेतली. तिथला कायदा १९५९ चा. बुलडोझर येईपर्यंत बिल्डरच्या जमिनीवर कुणाच्या तरी गाई चरत ठेवायच्या, या पद्धतीला तिथे सरळ ‘भाड्याची गाय’ म्हणतात. जमिनीवर घरं उठली तरी मागच्या सवलतीची वसुली होत नाही. गाय पुढच्या प्लॉटवर.

आता खरी मेख, म्हणजे कर पुढे ढकलणे. यासाठी नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा देवघरात ठेवावा असा आहे. दहा एकर शेती, त्यातून तीन वर्षांच्या सरासरीनं वर्षाला १,००० डॉलरचं उत्पन्न, मशागत रीतसर. मग तुम्ही शेतीच्या दरानं कर भरता आणि बाजारभावाच्या दरानं जो झाला असता त्यातला फरक माफ न होता तुमच्या नावावर लिहून ठेवला जातो. जमिनीवर त्याचा बोजा चढतो. वाचूनच घाम फुटला ना? थांबा. शेती बंद करून जमीन बिल्डरला दिलीत की त्या वर्षाचा आणि मागच्या फक्त तीन वर्षांचा फरक व्याजासह भरायचा. त्याआधीचा विषय संपला.

समजा, बाजारभावानं कर झाला असता १०,००० डॉलर आणि तुम्ही भरताय १,०००. वीस वर्षांत १,८०,००० डॉलर पुढे ढकलले गेले. विकताना भरायचे ३६,००० आणि वर व्याज. उरलेले १,४४,००० कुठे गेले? सरकारनं तुमच्या मातीवरच्या प्रेमाला वाहिले. दरम्यान जमिनीचा भाव चढत राहिला तो वेगळाच. असं कर्ज कुठली बँक देईल, ज्याचे बहुतेक हप्ते बँकच विसरून जाते? न्यू जर्सीतही अशीच त्या वर्षाची आणि मागच्या दोन वर्षांची वसुली आहे. टेक्सासमध्ये ती पाच वर्षांची होती. २०१९ मध्ये तीनवर आली आणि २०२१ मध्ये व्याजही गेलं. एवढी दंडाची भीती घातल्यावर माणूस जमीन विकायला धजावेल तरी कसा, हे विधिमंडळालाच ठाऊक.

कॅलिफोर्नियाच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिथला विल्यमसन कायदा १९६५ चा, आणि तो जरा मनाला लावून घेणारा आहे. दहा वर्षांचा करार, दर वर्षी आपोआप एक वर्ष पुढे सरकणारा. सुटायचं म्हटलं तर नोटीस देऊन नऊ वर्षं वाट पाहायची. घाई असेल तर आधी तो रद्द होण्यासारखं कारण पटवायचं आणि मग बाजारभावाच्या साडेबारा टक्के मोजायचे. अशानं शेतजमीन खरंच शेतजमीन राहण्याचा धोका असतो.

गवत नेणाऱ्या त्या शेतकऱ्याला मात्र जपा. त्याला लेखी करार देऊ नका. तोंडी, एका वर्षाचा, ‘पुढच्या वर्षी बघू’ असा ठेवा. मग तो जमिनीत चुना घालणार नाही, निचऱ्याचे चर खणणार नाही, फळझाडांचं नावही काढणार नाही. पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे असेल की नाही हे ज्याला माहीत नाही, तो तिच्यात पैसा कशाला घालेल? स्वतःची जमीन घ्यायची त्याची ऐपत नाही, कारण तुमच्यासारख्या शेतकऱ्यांनी भाव कुठल्या कुठे नेलेत. पण हा कायदा नसता तर त्याच्यासारखे कितीतरी केव्हाच उठले असते, हेही तितकंच खरं. म्हणून तर तो मोलाचा. कुणी नियम कडक करायची भाषा केली, विक्रीची अट वाढवा म्हणालं, की त्याला पुढे करायचं आणि विचारायचं, “या गरिबाच्या पोटावर पाय देणार?” त्याच्या पाठीमागे तुम्ही सहज मावता. तुमचा तलावसुद्धा मावतो.

शेवटचं काम म्हणजे टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या गावकारभाराच्या, सभेला जाणे. शाळेचं बजेट वाढलेलं असेल, आणि ते बरंचसं मालमत्ता करातूनच भागतं. गावाला गोळा करायची रक्कम ठरलेली असते. तुम्ही जेवढी भरत नाही तेवढी बाकीच्या घरांवर वाटली जाते, पण हे बिलावर कुठे छापलेलं नसतं आणि आपणही उगाच विषय काढू नये. त्याऐवजी शेजारच्या रानात होऊ घातलेल्या घरांना कडाडून विरोध करा. नव्या घरांतली मुलं शाळेत येतील, खर्च वाढेल म्हणा. शेती वाचवणारे इथे नेहमी म्हणतात की गाई शाळेत जात नाहीत. तेही ठोकून द्या. टाळ्या पडतील. मागच्या रांगेतून जास्त पडतील, तिथे तुमचा कर भरणारे बसलेले असतात.